ओढ्याकाठचा तंबू आणि घरचं सरपण
स्टेट फॉरेस्टमधल्या (राज्य सरकारच्या जंगलातल्या) मुक्कामावरचा लेख आवडला, पण ‘तंबू ओढ्याला अगदी लागून ठोका’ हा सल्ला काही पटला नाही. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि ओढ्याच्या खोलगट भागातच साचते. मी एकदा हौसेने असाच काठावर झोपलो. पहाटे तंबूच्या आतून थेंब टपटपत होते, स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक चिंब! थोडं वर चढलो असतो तर कोरडा उठलो असतो. शिवाय पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहावं, ओढ्यात भांडी घासू नयेत, हे आहेच. (जनावरंही रात्री तिथेच पाण्यावर येतात, त्यांची वाट कशाला अडवायची?)

घरून सरपण नेण्याचं तर लेखात कौतुकच केलंय. अहो, एमराल्ड ॲश बोरर ही ॲशची झाडं पोखरून मारणारी कीड अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये सापडली आणि पुढे लांबलांब पोचली ती बरीचशी अशा सरपणातूनच. लाकूड वरून वाळलेलं दिसतं, पण सालीखाली अळ्या जिवंत असू शकतात. सरपण तिथल्या तिथेच घ्या.

आणि हो, तंबू ठोकण्याआधी एकदा मान वर करून बघा, डोक्यावर वाळकी फांदी लटकत नाही ना.