‘हे वायरमनचे काम’ म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारसायकलचे इंजिन उतरवून ती विजेवर चालवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. गाडी ठाण्यातल्या गायमुखच्या चढावर तापेल, खर्चाचा हिशेब अपुरा आहे आणि आरटीओची मान्यता नाही, हे आपले तीन आक्षेप आहेत. चौथा आपल्याच शब्दांत देतो: "हे वायरमनचे काम आहे, इंजिनिअरिंग नव्हे; अशा माणसांनी सोसायटीत लिथियम बॅटरी आणून शेजाऱ्यांचे जीव धोक्यात घालू नयेत." खर्चाच्या तक्त्यात चार्जरची किंमत यायला हवी होती, हे आपले म्हणणे रास्त आहे आणि ती मी आता घातली आहे. चौथे वाक्य मात्र ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर मला मुळीच मान्य नाही.

मी आयटीआयमध्ये वायरमनचाच ट्रेड केला आणि उमेदीची वर्षे वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात, म्हणजे त्यांच्या कॉइल नव्याने गुंडाळण्यात, घालवली. मोटार उघडल्यावर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरीच्या स्वच्छ दिसल्या, तर स्टार जोडणीची ती मोटार एक फेज गेल्यावरही कोणीतरी चालवत ठेवली होती, हे तिथला नवखा पोरगाही सांगतो. अशा हातांकडे धोका ओळखण्याची बुद्धी नसते, असे आपण कशाच्या आधारावर लिहिता?

आपण सुचवता की मी ‘घरातला एमसीबी’ (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) लावून मोकळा झालो असेन. घरच्या एसी पुरवठ्यात करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना पडणारी ठिणगी विझायला संधी मिळते. बॅटरीच्या डीसी करंटला असा शून्याचा क्षणच नसतो. तिथे एसीसाठी बनवलेला एमसीबी आर्क, म्हणजे ती ठिणगी, न तोडता स्वतःच जळू शकतो. म्हणून माझ्या बॅटरी पॅकला डीसी रेटिंगचा फ्यूज आहे आणि त्यापुढे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, आहे. मोटारीला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना कॉन्टॅक्टर थेट लागला तर क्षणभर प्रचंड करंट धावतो आणि त्याचे पॉइंट खराब होतात. ते टाळण्यासाठी आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घ्यावे लागतात. हे सगळे लेखात फोटोसह होते.

जाड केबलच्या टोकाला लग, म्हणजे जोडणीसाठीचे धातूचे टोक, बसवताना तांब्याची एकही तार बाहेर राहू द्यायची नाही, हायड्रॉलिक क्रिम्परने योग्य मापाच्या डायमध्ये दाबायचे, मग केबल हाताने जोर लावून ओढून पाहायची आणि त्यानंतरच श्रिंक स्लीव्ह चढवायची. लग सैल राहिला तर त्या जागी रोध वाढतो, जोड तापतो, इन्सुलेशन वितळते आणि आग तिथून सुरू होऊ शकते. कागदावर कितीही निर्दोष सर्किट काढले, तरी हा जोड हातानेच घट्ट करावा लागतो. आपण आयुष्यात एक तरी लग दाबला आहे का, हे मला खरोखर विचारावेसे वाटते.

सेलही मी विचार करूनच निवडले. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापल्यावर तो निकल-मॅंगनीज-कोबाल्ट प्रकाराइतका सहज सुटत नाही. असे 24 सेल सिरीजमध्ये जोडून 76.8 व्होल्ट मिळतात. पूर्ण चार्जला ते 87.6 व्होल्टवर जातात, आणि प्रत्येक सेलवर बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची, नजर असते. पॅक पेटूच शकत नाही, असे मी कुठेही म्हटलेले नाही. 2022 मध्ये देशात ज्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या आणि ज्यांच्यामुळे एआयएस 156 या वाहन मानकातले बॅटरीचे नियम कडक करावे लागले, त्या कारखान्यांतून, इंजिनिअरांच्या सह्यांनिशी बाहेर पडलेल्या होत्या. त्यांच्याविषयी आपण ‘अशा माणसांनी’ असे लिहिले असते का? आणि माझा पॅक सोसायटीत नसतो, तो गाळ्यातच चार्ज होतो. हे मला विचारता आले असते.

राहता राहिले बाकीचे. चढावर तापण्याचे म्हणाल तर मोटार चाकात नाही, इंजिनाच्या जागी आहे आणि चेनने वेग कमी करून चाक फिरवते. चढाचे गणित लेखात आहे, ते कृपया पुन्हा वाचावे. आरटीओच्या मान्यतेबाबत, वाहनात बदल करण्याविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मला ठाऊक आहे. गाडी आजवर सार्वजनिक रस्त्यावर आलेली नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर आज वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही.

फ्यूजचे रेटिंग, केबलचा गेज किंवा बीएमएसच्या सेटिंगमध्ये आपल्याला दोष दिसत असेल तर तो आकड्यांसह लिहावा. मी त्याच दिवशी उत्तर देईन. कोणाच्या ट्रेडवरून त्याची लायकी ठरवणारी पुढची प्रतिक्रिया मात्र मी इथे प्रसिद्ध करणार नाही.