सोडा, व्हिनेगर आणि वाफ: रेस्टॉरंटच्या तेलकट कार्पेटला हे का पुरत नाही

रेस्टॉरंटमधल्या ओशट, काळपट कार्पेटसाठी एक कृती सध्या जिकडेतिकडे पुढे पाठवली जाते आहे. थोडक्यात ती अशी: बेकिंग सोडा भुरभुरा, वर व्हिनेगर ओता, फेस आला की तेल सुटतं. मग वाफेचं मशीन फिरवा, पाणी जितकं कडक तितकं चांगलं. कार्पेट कुठलंही असो, हीच पद्धत चालते. डाग परत दिसलाच तर शाम्पू वाढवा. व्यावसायिक केमिकल्स म्हणजे निव्वळ लूट.

यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि तो खरा मानून लोक चांगली कार्पेटं वाया घालवतात म्हणून हा प्रतिवाद.

‘फेस आला की तेल सुटतं.’ व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं. बेकिंग सोडा हा सौम्य अल्कली, त्याच्या द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; 7 म्हणजे उदासीन, वर गेला की अल्कली) 8.3 च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात. उरतं काय, तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं मीठ. या तिघांपैकी कोणालाही तेलाशी काही देणंघेणं नाही. फेस दिसतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच. शिवाय न विरघळलेला सोडा तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि नंतर व्हॅक्यूमलाही दाद देत नाही.

तेल हलवायला लागतं ते वेगळंच. एक म्हणजे डिटर्जंटमधला सर्फॅक्टंट, ज्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. दुसरं म्हणजे पुरेसा अल्कली. तळणाचं तेल वारंवार तापलं की त्यात सुटी मेदाम्लं वाढतात. 10-11 पीएचचा प्री-स्प्रे, म्हणजे धुण्याआधी फवारायचा क्लीनर, त्यांच्याशी जुळला की जागच्या जागी थोडा साबण तयार होतो आणि बाकीचं तेल सुटायला मदत होते. जुना राप मात्र याच्याही पुढे गेलेला असतो. हवेतला ऑक्सिजन शोषून वनस्पती तेल हळूहळू घट्ट होतं, जवसाचं तेल लाकडावर वाळून वार्निशसारखं होतं तसंच. स्वयंपाकघराच्या दारापासून टेबलांपर्यंत जाणारा चालण्याचा काळा पट्टा नखाने खरवडून पाहा. वरचा थर मेणचट न लागता कडक लागला, तर नुसत्या अल्कलीचं ते काम नाही. तिथे प्री-स्प्रेमध्ये लिमोनीनसारखं, लिंबूवर्गीय सालींतून काढलेलं द्रावक थोड्या प्रमाणात घालावं लागतं. थोड्याच, कारण द्रावक जास्त झालं तर कार्पेटच्या पाठीचं लॅटेक्स सैल पडतं आणि थर सुटतात.

‘पाणी जितकं कडक तितकं चांगलं, वाफेनेच सगळं होतं.’ उष्णतेने मदत होते हे खरं. लोणी आणि प्राण्यांच्या चरबीचे बहुतेक प्रकार 30 ते 50 अंशांदरम्यान वितळतात. म्हणजे कार्पेटला टेकणाऱ्या तोंडापाशी 60-65 अंशांचं पाणी पोचलं, तर उष्णतेचा वाटा झाला. (टाकीतलं तापमान पाहून फसू नका, नळीतून येताना पाणी निवतं.) पण वितळलेलं तेल जाणार कुठे? वाफेत पाणी अगदी कमी. सुटलेलं तेल वाहून न्यायला काहीच नसल्यामुळे ते पातळ होऊन खाली, पाठीपर्यंत उतरतं. वरून दोन दिवस कार्पेट उजळ दिसतं, तेवढंच.

1959 मध्ये हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने धुण्याच्या कामाचे चार भाग मांडले: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर बाकीच्यांनी भरून काढावा लागतो. या कृतीत रसायन शून्य, घासणं शून्य, वेळही शून्य. सगळा भार तापमानावर. आणि वेळ हा तर चौघांतला सर्वांत स्वस्त घटक. प्री-स्प्रे मारून 10-15 मिनिटं थांबायचं, तो वाळू द्यायचा नाही, त्या वेळात ब्रश मशीनने तंतू दोन्ही दिशांनी मोकळे करायचे आणि मगच गरम पाणी सोडून लगेच खेचून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन लावायचं. त्याच्याही आधी कोरडं व्हॅक्यूम, तेही सावकाश. कोरडी धूळ ओली झाली की तेलात मळून चिखल होते.

‘कार्पेट कुठलंही असो.’ हा मुद्दा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. कोपऱ्यातून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, दोन-चार तंतू कापून घ्या. पाण्याच्या ग्लासात टाका आणि बोटांनी दाबून आतली हवा काढा. तरीही तरंगले, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याची घनता 0.9 च्या आसपास, पाण्यापेक्षा कमी. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. बुडालेला तंतू कार्पेटपासून दूर नेऊन, चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा.

या पाच मिनिटांवर पुढचं सगळं ठरतं. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळपास पीत नाही, पण तेलाला मात्र घट्ट धरून ठेवतं. त्याला कडक अल्कली आणि भरपूर घासणं दोन्ही चालतं. नायलॉनवर डागरोधक प्रक्रिया असेल तर पीएच 10 च्या पुढे जाऊ नये. लोकर तर वेगळंच प्रकरण: अल्कली, उष्णता आणि रगडणं एकत्र आलं की ती आक्रसते, नमद्यासारखी घट्ट होते. तिच्यासाठी लोकरीचाच म्हणून विकला जाणारा, जवळपास उदासीन पीएचचा क्लीनर आणि कोमट पाणी. ब्लीच तर कधीच नाही, लोकर त्यात अक्षरशः विरघळते. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा कॉस्टिक डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा दाहक क्लीनर, कार्पेटवर मारण्याचा मोहही होतो. त्याचा पीएच 13 च्या पुढे असतो, त्याने रंग जातो आणि हातही भाजतात. कुठलाही नवा क्लीनर आधी कोपऱ्यात लावून, पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतो का ते पाहायचं.

‘डाग परत आला तर शाम्पू वाढवा.’ डाग परत येतो त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, खाली उतरलेलं तेल आणि मळ, कार्पेट वाळताना पाण्याबरोबर तंतूंच्या टोकापर्यंत चढतं. दुसरं, आधीचाच शाम्पू आत राहिला आहे; तो चिकट असतो आणि प्रत्येक बुटाची धूळ पकडतो. दोन्हींवर आणखी शाम्पू म्हणजे दुखणं वाढवणं. उपाय उलटा आहे: साध्या पाण्याने खंगाळा, आणि पाणी न सोडता नुसतं ओढण्याचे फेरे वाढवा. येणारं पाणी काळं आहे तोवर काम संपलेलं नाही. शेवटच्या खंगाळण्यात सौम्य आम्ल वापरलं तर उरलेला अल्कली मरतो आणि तंतू चिकट राहत नाहीत. आम्लाची जागा ही, शेवटी. सुरुवातीला सोड्याबरोबर नव्हे. मग पंखे लावून वाळवणं. 24 ते 48 तासांत कार्पेट पूर्ण सुकलं नाही तर बुरशी धरते, आणि ओल्या कार्पेटवरून गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकणारा माणूस घसरतो.

‘केमिकल्स म्हणजे लूट.’ यात थोडं तथ्य आहे. चुकीचं केमिकल खरोखरच पैसे वाया घालवतं, आणि रोजच्या निगेला ते फार लागतही नाही. कार्पेटवरचं बरंचसं तेल येतं स्वयंपाकघराच्या फरशीवरून, बुटांच्या तळव्यांना लागून. ती फरशी रोज डिग्रीझरने पुसली, पुसायचं पाणी वेळेवर बदललं आणि दाराशी धुता येणारी मॅट ठेवली, तर मोठी धुलाई पुष्कळ लांबते. मधल्या काळात एन्कॅप्सुलेशनचा क्लीनर उपयोगी आहे. तो वाळून ठिसूळ कण होतो, मळ आपल्यात अडकवतो आणि व्हॅक्यूमने निघतो. पण तो हलक्या मळासाठी. जाड तेलावर तो वाळतच नाही, चिकट राहतो. बॉनेटचा फिरता पॅडही तसाच, वरचं पुसतो, खालचं खाली ढकलतो आणि जोरात फिरवला तर तंतूंचे गोल गोल पीळ कायमचे राहतात.

एवढं सगळं करूनही जर त्या काळ्या पट्ट्यातले तंतू आडवे झोपलेले असतील आणि पाठ सुटून हाताला पोकळ लागत असेल, तर तिथे ना वाफ चालेल ना प्री-स्प्रे. तेवढा पट्टा कापून नवा बसवावा, आणि बसवताना तुकड्यातुकड्यांच्या टाइल घ्याव्यात, म्हणजे पुढच्या वेळी खराब झालेली तेवढीच टाइल उचलून बाहेर धुता येते.