‘वय झालं की विसरायचंच’ हे खरं नाही

कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरच्या आमच्या ग्रुपमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. स्मृतिभ्रंश म्हातारपणाचाच भाग आहे, तो रक्तातच असतो, आमचे आजोबा बिड्या ओढून पंच्याण्णव वर्षं जगले. ‘धोक्याचे घटक’ शोधणं हा औषध कंपन्यांचा धंदा. हे वाचून ओळखीतल्या एका काकांनी तपासणी रद्द केली, म्हणून लिहिते आहे.

आधी आजोबा. पंचावन्नाव्या वर्षी गेलेल्या आजोबांचा मेसेज कुणी करत नाही, म्हणून जगलेले तेवढे दिसतात. ही चूक टाळायलाच संशोधक माणसं आजारी पडण्याआधी त्यांच्या नोंदी सुरू करतात. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरचा असा अभ्यास 1951 मध्ये सुरू झाला आणि पन्नास वर्षं चालला. धूम्रपान करत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले.

‘रक्तातच असतो’ हे अर्धंच खरं. काही जनुकांमुळे शक्यता वाढते, पण बहुतेकदा आजार ठरून जात नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये धोक्याचे, पण बदलता येण्याजोगे 14 घटक मोजले. ते सगळे दूर झाले तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एकट्या माणसाला त्यातून हमी मिळत नाही.

त्या यादीत बहिरेपण बरंच वर आहे, आणि नाशिककरांना ते वेगळं सांगायला नको. तांबट आळीत भांडी ठोकत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं, हे लहानपणापासून पाहिलंय. ऐकू येईना की माणूस बोलणं तोडतो, कोपऱ्यात बसतो. मेंदूचा व्यायामच थांबतो. श्रवणयंत्राने फरक पडतो का? 2023 च्या अमेरिकेतल्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना धोका जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण मात्र तीन वर्षांत 48 टक्क्यांनी मंदावली.

राहिला धंदा. त्या यादीत कमी शिक्षण आहे, एकटेपणा आहे, हवेचं प्रदूषण आहे. मुलींची शाळा कुठली औषध कंपनी विकते? भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त.

काका, तपासणीची वेळ पुन्हा घ्या. बीपी आणि कान, दोन्ही दाखवा. सोबत मी येते.