विझता विझेना

मला फक्त अंधार हवा होता. एवढंच.

कॉम्प्युटरची नवी केस, म्हणजे सगळे भाग बसवायचा बाहेरचा डबा, घेताना मी हवा सोडून काही बघितलंच नाही, पुढे जाळी, जाळीमागे १२० मिमीचे तीन फॅन, मागे एक, गरम हवा बाहेर जाणार, झालं की मग. खोक्यावरच्या फोटोत फॅन सप्तरंगी पेटलेले होते, पण मला वाटलं फोटोत काय, काहीही दाखवतात. चालू केल्यावर कळलं की तेवढी एकच गोष्ट खरी दाखवली होती.

आता आमच्याकडे कॉम्प्युटर आणि पलंग एकाच खोलीत, आणि रात्रभर व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एडिट झाल्यावर पक्की फाईल बनायला, लावलेला असतो, त्यामुळे बंद करून झोपायची सोय नाही. पहिल्याच रात्री छत आधी निळं झालं, मग जांभळं, मग हिरवं, परत निळं. बायको म्हणाली, "अरे, आपण झोपतोय का उडतोय?" आई पाणी प्यायला उठली होती, ती दारातूनच म्हणाली, "तू काय दिवे लावणार ते कळलं एकदाचं."

दिवे लावणं सोपं असतं हो, विझवणं अवघड.

केसवर रीसेट बटण होतं. ते दाबलं तर कॉम्प्युटर रीसेट न होता फॅन लाल झाले, कारण त्या बटणाची वायर मदरबोर्डऐवजी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाऐवजी, लाईटच्या हबला जोडलेली, हब म्हणजे सगळ्या फॅनच्या वायरी जिथे जातात ती छोटी डबी, म्हणजे रीसेट गेलं आणि त्या जागी डिस्को आला. दाबत गेलो. पळणारा लाल, दमा झाल्यासारखा कमीजास्त होणारा हिरवा, आणि एक मोड असा की त्याला बघून पोलीस आले असं वाटावं. शेवटी वैतागून बटण दाबूनच धरलं तर तीन-चार सेकंदांनी सगळं विझलं! मी इतका खूष की विचारू नका. सकाळी मशीन बंद करून परत चालू केलं आणि परत सप्तरंग. हबला मेमरी नाही. माझ्या ३२ जीबी रॅममधलं थोडं त्याला देता आलं असतं तर दिलं असतं.

मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एलईडी ऑफ केलं. मदरबोर्डच्या कडेचा मिणमिणता दिवा, ज्याचा मला काही त्रास नव्हता, तो इमानदारीत विझला. फॅन तसेच. कारण हबला वीज थेट पॉवर सप्लायच्या वायरवरून, मदरबोर्डला त्याचा पत्ताच नाही. मग लाईट कंट्रोल करायचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याला फॅन दिसले नाहीतच, उलट त्याने कडेचा दिवा परत लावून दिला.

सगळीकडे एक इशारा लिहिलेला असतो, की ५ व्होल्टच्या लाईटचा प्लग १२ व्होल्टच्या पिनांवर चुकूनही लावू नका, एलईडी जळतील. लोक हे वाचून घाबरतात, मी उपाय म्हणून वाचलं. पण माझ्या फॅनला मोटर आणि लाईट मिळून एकच ६ पिनचा प्लग, तो हब सोडून कुठे बसतच नाही. हबची वायर काढली तर लाईटबरोबर फॅनही बंद. केसवर टॉवेल टाकून बघितला, अंधार मस्त झाला आणि प्रोसेसर ९० डिग्रीला गेला.

निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. त्या निळ्यामुळेच पांढरा एलईडी बल्ब शक्य झाला, मान्य आहे, माणसं थोर आहेत. पण रात्री अडीच वाजता छताकडे बघत पडलं की थोरांबद्दलही मनात नाही नाही ते येतं.

रविवारी कात्री घेतली. फॅन उघड्यावर काढून टॉर्चखाली धरला तेव्हा कळलं की गोष्ट किती साधी आहे. काही वायरी मधल्या दांडीवरून मोटरकडे जातात, आणि केसाइतक्या बारीक तीन वायरी चौकटीच्या कडेने एलईडीकडे, वर गोंदाचे वाळलेले थेंब. गोंद नखाने खरवडला, वायर चिमटीत धरली, देवाचं नाव घेतलं, कट. टोकांना वेगवेगळी टेप. लावून बघितला, फॅन फिरतोय, दिवा नाही! बाकीचे तीन वीस मिनिटांत उरकले. हात शिवशिवत होते म्हणून पॉवर बटणाभोवतीच्या निळ्या दिव्याची पिनपण मदरबोर्डवरून उपटून टाकली.

त्या रात्री खोलीत असा मिट्ट काळोख, अहाहा. डोळे उघडे का मिटलेले तेही कळेना. नऊ तासांचं रेंडर लावलं होतं, आणि छताच्या पंख्याच्या घरघरीत केसमधले फॅन ऐकूही येत नव्हते. पहाटे चारला जाग आली आणि शंका आली, मशीन चालू आहे ना नक्की? उठलो, चाचपडत गेलो, आणि चालू आहे का बघायला पॉवर बटण दाबलं.

चालू होतं.