आऊटचं बोट

रविवारी सोसायटीच्या मॅचमध्ये माझ्या हातून झेल सुटला. चेंडू उजव्या तर्जनीच्या टोकावर आपटून चौकार गेला आणि बोटाचं शेवटचं पेर पाणी न घातलेल्या तुळशीच्या शेंड्यासारखं माना टाकून बसलं. दुसऱ्या हाताने उचललं की वर, सोडलं की पुन्हा खाली.

एक्स-रेच्या बाकावर शेजारी एक काका. आले होते स्वतःच्या गुडघ्यासाठी, पण डोळा माझ्या बोटावर.

"मूठ वळतेय?"

"वळतेय."

"मग मोडलं नाही. मोडलं असतं तर हललंच नसतं. निखळलंय. आणा इकडे, एक झटका!"

मी हात काखेत लपवला.

"घाबरता काय? रोहित शर्मानं बांगलादेशात निखळलेल्या अंगठ्यानं ५१ मारले. नवव्या नंबरला येऊन. नाबाद!"

"ती मॅच आपण ५ रननी हरलो, काका."

"मग? कुणीतरी झेल सोडले असतील तुमच्यासारखे."

रोहितचा अंगठाही स्लिपमध्ये झेल घ्यायला जाऊनच गेला होता, हे मला रिक्षात बसल्यावर आठवलं. अशी उत्तरं मला कायम रिक्षातच सुचतात.

एक्स-रे समोरून निघाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "बाजूनं काढा म्हणून लिहिलं होतं की!" लिहिलं होतं. वाचलं नव्हतं. चूक त्यांच्या माणसाची, पावती पुन्हा माझ्या नावाची, आणि बाकावर काका अजून तिथेच. याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

बाजूच्या फोटोत दिसलं: बोट सरळ करणाऱ्या दोरीनं ओढून नेलेली हाडाची कपची, तांदळाच्या कणीएवढी. म्हणजे मोडलेलं होतं, आणि मूठही वळत होती. याला मॅलेट फिंगर म्हणतात. ऑपरेशन नाही, पेर ताठ धरणारी प्लॅस्टिकची पट्टी, सहा आठवडे, रात्रंदिवस. धुवायला काढायची तर बोट टेबलावर सपाट दाबून ठेवायचं. एकदा जरी वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. भात डाव्या हाताने खातोय. आई बघते, बोलत नाही, तेच जास्त लागतं.

काल ज्याच्या बोलिंगवर झेल सुटला तो भेटायला आला. चहा संपवला, माझ्या उभ्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आता वर करून काय उपयोग? तो पासष्ट मारून गेला."