कोणाला कळणारसुद्धा नाही म्हणे!

श्रवणयंत्राची कोणतीही जाहिरात उघडा, तिच्यात पहिले आश्वासन एकच असते: 'कोणाला कळणारसुद्धा नाही.' अहो, कोणाला कळू नये हा माझा प्रश्नच नाही. समोरचा काय बोलला ते मला कळावे, एवढीच माझी मागणी आहे, आणि तिच्याविषयी त्या जाहिरातीत अवाक्षर नसते. असतात ते एक हसरे आजोबा, त्यांच्या कानात बोटाच्या पेरापेक्षा लहान असे काहीतरी आणि खाली ठळक अक्षरांत चॅनेलची, म्हणजे यंत्र आवाज ज्या पट्ट्यांत विभागून कमी-जास्त करते त्यांची, संख्या. मी कित्येक वर्षे अर्धवट कानांनी जगतो आहे आणि या काळात या धंद्याने माझ्या ऐकण्यापेक्षा इतरांच्या नजरेचीच काळजी अधिक वाहिलेली मी पाहिली आहे.

हा लहान आकार काही फुकट मिळत नाही. समोरच्याचा आवाज उचलायचा आणि मागचा गोंगाट दाबायचा, तर यंत्रात दोन मायक्रोफोन एकमेकांपासून थोड्या अंतरावर असावे लागतात. कानाच्या नळीत पूर्ण लपणाऱ्या यंत्रात तेवढी जागाच नसते, म्हणजे गोंगाटात खरोखर उपयोगी पडणारी जी सोय आहे, नेमकी तीच आधी जाते. टेलिकॉइलचेही तेच. तांब्याच्या तारेचे ते बारीकसे वेटोळे यंत्रात असले आणि सभागृहात लूप, म्हणजे माइकच्या यंत्रणेला जोडून सभोवती फिरवलेली तार, बसवलेला असला, तर वक्त्याच्या माइकमधला आवाज मधला सगळा कोलाहल टाळून थेट कानात येतो. अनेक छोट्या मॉडेलांमधून जागेच्या नावाखाली ते काढून टाकलेले असते आणि विकणारा ते आपण होऊन सांगत नाही. विचारले तर 'हल्ली ब्लूटूथ आहे ना' असे उत्तर मिळते, जणू सभागृहातला प्रत्येक वक्ता माझ्या फोनला जोडलेलाच आहे.

आणि बॅटरी! पिवळ्या पट्टीची 10 नंबरची बॅटरी जेमतेम 6 मिलिमीटर रुंद असते. ज्या वयात माणसाला ही यंत्रे सर्वाधिक लागतात, त्याच वयात बोटांची पकड गेलेली असते आणि जवळचे दिसत नसते, हे ती बनवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आले नसेल का? पट्टी सोलली की आत हवा शिरते आणि जस्ताची क्रिया सुरू होते; मग तुम्ही यंत्र वापरा अथवा न वापरा, बॅटरी उतरत राहते. ती हातातून निसटून पलंगाखाली गेली, की डोळ्यांना ती दिसत नाही आणि पडल्याचा आवाज ऐकायला कानात यंत्र नसते. संपत आल्याचा इशारा देणारा बीप मात्र हटकून अशा वेळी वाजतो, जेव्हा कोणीतरी मुद्द्याचे बोलत असते.

तरीही आकार आणि बॅटरी मी सहन केली असती. खरा संताप आहे तो तपासणीचा आणि यंत्र 'बसवून देण्याचा'.

तपासणी होते ती बंद, निःशब्द खोलीत. कानांवर हेडफोन चढवतात, हातात बटण देतात, बारीकसा पीप ऐकू आला की दाबायचे. 250 हर्ट्झपासून 8000 हर्ट्झपर्यंत हा खेळ चालतो आणि शेवटी उजव्या कानाची लाल वर्तुळे व डाव्या कानाच्या निळ्या फुल्या जोडून एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, हाती येतो. माझी रेषा, वयाबरोबर ऐकणे कमी झालेल्या बहुतेकांसारखीच, उजवीकडे घसरत जाते. म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत आणि वरच्या पट्टीतले गेलेले. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत जोर धरतात, आणि शब्दाला धार देणारी स, श, त, ठ, ख, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत. त्यामुळे मला आवाज येतो, शब्द येत नाही. 'सात', 'साठ' आणि 'आठ' यांतला 'आ' तेवढा माझ्यापर्यंत पोहोचतो, आणि गोळी सात वाजता घ्यायची की आठ वाजता, हे मी समोरच्याच्या ओठांवरून ताडतो. ओठांचाही भरवसा नाही, कारण 'पान', 'बाण' आणि 'मान' हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात.

निःशब्द खोलीतला पीप ऐकणे आणि दहा माणसे एकाच वेळी बोलत असताना त्यातल्या एकाचे वाक्य समजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारखाच ऑडिओग्राम असलेल्या दोन माणसांना गोंगाटात सारखेच समजेल, याची अजिबात खात्री नसते. गोंगाटातल्या बोलण्याची वेगळी चाचणी असते, तिला काही मिनिटेच लागतात, आणि तरीही माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक ठिकाणी ती घेतलीच गेली नाही. माझी तक्रार गोंगाटाची, तपासणी शांततेची आणि उपाय संगणकाने ठरवलेला.

संगणकाचा प्रकार तर पाहण्यासारखा असतो. ऑडिओग्रामचे आकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, 'फर्स्ट फिट' नावाच्या बटणावर क्लिक करायचे, यंत्र कानात घालायचे आणि मीटरभर अंतरावर, बरोबर समोर बसून, खणखणीत आवाजात विचारायचे, 'आता कसे वाटते?' त्या खोलीत, त्या अंतरावरून, त्या आवाजात मला यंत्राशिवायही समजते हो! प्रत्येक माणसाच्या कानाच्या नळीची लांबी आणि आकार वेगळा असतो, म्हणून एकाच यंत्राचा आवाज प्रत्येकाच्या पडद्यापर्यंत वेगवेगळ्या जोराने पोहोचतो. तो नेमका किती पोहोचतो हे मोजण्यासाठी यंत्राच्या बाजूने केसासारखी बारीक मऊ नळी कानात सरकवून, पडद्याजवळचा आवाज प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे. कोणत्या कानाला किती आवाज हवा हे सांगणारी 'एनएएल-एनएल2' आणि 'डीएसएल' यांसारखी अभ्यासातून सिद्ध झालेली सूत्रेही आहेत. मोजायचे, सूत्राशी ताडायचे, कमी-जास्त करायचे. मी एका ठिकाणी या मोजणीविषयी विचारले, तेव्हा कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या उपकरणाकडे पाहत उत्तर आले की 'तुमच्या मॉडेलला त्याची गरज नसते.' गरज मॉडेलला नसते, माझ्या कानाला असते! माप न घेता सदरा शिवायचा आणि काखेत आवळला की गिऱ्हाइकाच्या अंगाला दोष द्यायचा, अशी ही रीत आहे.

कारण पुढचे वाक्य ठरलेलेच असते: 'सवय होईल.' मेंदूला सवय व्हावी लागते, हे मलाही मान्य आहे. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज अचानक आत येऊ लागले की ते जुळवून घ्यायला काही आठवडे जातात. परंतु स्वतःचाच आवाज पिंपातून आल्यासारखा घुमत असेल, तर तो कानात बंद बसलेल्या मोल्डचा (कानाच्या मापाच्या साच्याचा) किंवा डोमचा (यंत्राच्या टोकावरच्या मऊ टोपीचा) प्रश्न असतो आणि त्याला हवा जाण्याचे छिद्र मोठे करण्यासारखे उपाय असतात. फोन कानाजवळ नेताच शिट्टी वाजत असेल, तर आवाज बाहेर गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आहे. भांडे पडल्यावर डोक्यात खिळा ठोकल्यासारखे होत असेल, तर मोठ्या आवाजाची मर्यादा चुकीची लावली आहे. या सगळ्यांवर 'सवय होईल' हे एकच औषध देणारा माणूस काम टाळतो आहे, आणि चाचणीसाठी यंत्र घरी नेण्याची मुदत तोवर निघून जाते ती निराळीच.

घरीदारी याचे जे पडसाद उमटतात, ते तर विचारूच नका. 'मशीन लावले आहे ना, मग ऐकू कसे येत नाही?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की विचारणाऱ्याचे तोंड उघडताच मी तो ओळखतो. खराब झालेल्या कानात दोन्ही टोके जवळ आलेली असतात: हळू बोललेले ऐकूच येत नाही, आणि आवाज थोडा चढला की लगेच असह्य होतो. म्हणून मी 'मोठ्याने बोल' म्हणतो, समोरचा ओरडतो, मी दचकून 'ओरडतोस कशाला' म्हणतो आणि विक्षिप्त ठरतो. शिवाय ओरडण्याने फुगतात ते स्वर. व्यंजने होती तिथेच राहतात. त्याहून झोंबणारा टोमणा म्हणजे 'नको ते बरोबर ऐकू येते.' येते, कारण तेव्हा खोलीत पंखा बंद असतो, दूरदर्शन संच बंद असतो, एकच माणूस बोलत असतो आणि त्याचे तोंड माझ्याकडे असते. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने उतरतो. तुम्ही आतल्या खोलीतून, पाठ फिरवून, नळ सोडून बोलणार आणि मी सोयीपुरता बहिरा म्हणवून घेणार, हा कुठला न्याय?

मग विक्रेता 'वरच्या श्रेणीचे' यंत्र सुचवतो. चॅनेलची संख्या वाढली म्हणून गोंगाटातली समज त्या प्रमाणात वाढत नाही. गोंगाट कमी करणाऱ्या सोयीने बहुधा आराम वाटतो, थकवा कमी होतो, पण त्यातून हरवलेले शब्द परत येतीलच असे नाही. ज्याने खरोखर मोठा फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा किंवा टेबलावर ठेवायचा छोटा वायरलेस माइक, कारण तो आवाज तोंडापाशीच उचलतो. ही गोष्ट मला कोणत्याही दुकानाने सांगितली नाही. माझ्यासारख्याच एका बहिऱ्या गृहस्थाने सांगितली. अर्थात, तो माइक दिसतो ना! 'कोणाला कळणारसुद्धा नाही' या आश्वासनात तो बसत नाही.

आणखी एक नवे अस्त्र निघाले आहे, ते स्मृतिभ्रंशाच्या भीतीचे. ऐकण्याची समस्या हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्यासारखा एक धोकाघटक आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 पासून मांडले आहे, आणि ते गांभीर्याने घ्यायलाच हवे. पण वृद्धांना श्रवणयंत्रे देऊन केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर सर्व सहभागींचा एकत्रित विचार करता बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक दिसला नव्हता; फरक दिसला तो आधीच अधिक धोका असलेल्या वृद्धांच्या गटात. एवढे बारकावे जाहिरातीत कोण देतो? तिथे सरळ 'आज यंत्र घ्या, उद्या स्मृती वाचवा.' आणि घेतलेले यंत्र न जमल्यामुळे कपाटात पडून राहिले, तर त्याने स्मृती कशी वाचणार, हे कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात 43 कोटी लोकांना ऐकण्याच्या समस्येसाठी उपचार आणि पुनर्वसनाची गरज आहे. त्यांतल्या ज्यांच्या हाती यंत्र पोहोचते, त्यांनाही ते धड बसवून मिळू नये?

बरे, एका ठिकाणी जमले नाही म्हणून दुसरीकडे जावे, तर तिथे सॉफ्टवेअरचे कुलूप. प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर वेगळे, आणि काही विक्रीसाखळ्यांनी स्वतःच्या नावाने विकलेली यंत्रे तर त्यांच्याच शाखेत उघडतात. यंत्र माझे, कान माझे, पैसे माझे, पण त्यातला आवाज कमी-जास्त करण्याचा अधिकार ज्याने ते नीट लावले नाही त्याच्याकडेच! शेवटी मी ऑडिओग्राम, तक्रारींची तारीखवार वही आणि ती कानात नळी घालून करायची मोजणी लेखी मागणारा अर्ज घेऊन त्याच खुर्चीत जाऊन बसलो. समोरच्याने वही उघडलीही नाही. तो संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून काहीतरी बोलला, जे मला अर्थातच समजले नाही. पुन्हा विचारले, तेव्हा वळून म्हणाला की याच मॉडेलची नवी आवृत्ती आली आहे, याहून लहान आहे, आणि कोणाला कळणारसुद्धा नाही.