‘गॉड गिफ्टेड’ म्हणालात ना, तर बघा

सकाळी ग्रुपवर एक क्लिप येऊन पडली. दीड मिनिटाची. क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रम, अमेरिकेतला ब्लूज गिटारवाला, डोळे मिटलेले, मान किंचित मागे, आणि एकच सूर धरून ठेवलाय. सोडतच नाही. मी चहा तसाच ठेवून दोनदा बघितली. मग खाली गेलो प्रतिक्रिया वाचायला, आणि तिथेच दिवस नासला.

पहिली : ‘गॉड गिफ्टेड!’ पुढे जोडलेले हात, सहा वेळा.
दुसरी : ‘सेम क्लॅप्टन स्टाइल.’ म्हणजे एरिक क्लॅप्टन, इंग्लिश गिटारवाला.
तिसरी त्याच्या पोटावर होती. ती इथे लिहिणार नाही. लिहिणारा पन्नाशीचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, एवढंच सांगतो.

ग्रुपवर मी गप्प बसलो. तिथे बोललं की ‘अरे चिल मार’ येतं. म्हणून आता रात्री जेवणं आटोपून इथे लिहितोय. तुम्ही माझी माणसं आहात. गाणं ऐकताना मध्ये बोलू नये, हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

2013 ची गोष्ट. ताई तेव्हा मेम्फिसला होती आणि मी तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेलो होतो. तिचा हट्ट ग्रेसलँडचा, एल्विसच्या घराचा. माझा हट्ट क्लार्क्सडेलचा, ब्लूजच्या गावाचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं गाणं. शेवटी एका गुरुवारी दाजींनी रजा टाकली आणि हायवे 61 ने मला खाली मिसिसिपीत घेऊन गेले. दीड तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, इतकी सपाट की बघून झोप यावी. दाजी इंजिनिअर माणूस, गाण्याशी संबंध लग्नाच्या वरातीपुरता. ‘इथे बघण्यासारखं नक्की काय आहे?’ हे त्यांनी तीनदा विचारलं. गाव बघितल्यावर चौथ्यांदा विचारलं नाही, पण चेहऱ्यावर होतंच. निम्मी दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही.

तिथलं डेल्टा ब्लूज म्युझियम रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. ब्लूजचा मोठा गवई मडी वॉटर्स ज्या लाकडी झोपडीत राहायचा, ती आतमध्ये ठेवलीय. 1941 मध्ये लोकगीतं गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं सामान घेऊन त्याला शोधत आला होता, तेव्हा हा माणूस शेतमजूर होता. दोन वर्षांनी शिकागोला गेला आणि पुढे अर्ध्या जगाला त्याने गिटार धरायला लावली. मी त्या फळ्यांकडे बघत उभा होतो आणि तेवढ्यात आतून कुठूनतरी आवाज आला. बास गिटारचा. कच्चा. एका दाराला फट होती.

आत एक पोरगा होता, अकरा-बारा वर्षांचा, शाळेचा शर्ट अजून अंगावर. बास त्याच्यापेक्षा मोठा. समोर एक वयस्कर सर, स्वतःची गिटार मांडीवर. बारा मात्रांचा साधा शफल चालला होता. मात्रा म्हणजे आपल्या अर्थाने नव्हे, बार, चार ठोक्यांचा एक तुकडा. चार बार घरात, म्हणजे मूळ सुरावर, राहायचं, पाचव्याला घर सोडून चौथ्या सुरावर जायचं, दोन बार थांबून परत यायचं. बालवाडीतला धडा. आणि हा पोरगा पाचव्या बारला दर वेळी उशिरा पोचत होता. केसभरच उशीर, पण उशीर. सर रागावत नव्हते, समजावतही नव्हते. तळहात आपल्या तारांवर ठेवायचे, आवाज बंद व्हायचा, आणि म्हणायचे, ‘अगेन.’ की पहिल्यापासून.

थांबा, याच्याकडे परत येतो. आधी क्लॅप्टनचं उरकतो.

‘सेम क्लॅप्टन’ म्हणणं म्हणजे आजोबांच्या फोटोसमोर उभं राहून ‘अय्या, हे नातवासारखेच दिसतात’ म्हणणं. आपण सगळे उलट्या दिशेने या गाण्यात शिरलो, मला कळतं. मीही क्लॅप्टन आणि झेपलिनच्या कॅसेटीच घासल्या. पण त्या इंग्लिश पोरांनी हे उचललं कुठून? रोलिंग स्टोन्सनी आपलं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. किंगफिशला ही सगळी प्रदक्षिणा घालायची गरजच नव्हती. 1999 चा जन्म, क्लार्क्सडेलचा. वडिलांनी लहानपणी मडी वॉटर्सवरची डॉक्युमेंटरी दाखवली, आणि ती ज्या गावाबद्दल होती ते गाव दाराबाहेर होतं. हेंड्रिक्स आहे त्याच्यात, प्रिन्स आहे, मी नाही कुठे म्हणतोय? सूर मध्येच असा पेट घेतो की हेंड्रिक्स आठवतोच. पण खालची जमीन बघा ना. तार ढकलून सूर चढवायचा आणि नेमक्या जागी पोचला की मनगटातून त्याला बारीक थरथर द्यायची, हे बी. बी. किंगकडून आलंय. भर कल्लोळात एकदम आवाज इतका खाली आणायचा की हॉलमधला खोकला ऐकू यावा, हे बडी गाय या जुन्या गिटारवाल्याचं. वाजवत वाजवत प्रेक्षकांत उतरणं हेही बडी गायचं. आणि बडी गायने ते गिटार स्लिमला बघून उचललं होतं, जो लांबच लांब वायर लावून हॉलभर फिरायचा. एका क्लिपमध्ये चार पिढ्या उभ्या आहेत आणि आमचे मित्र हात जोडून देवाला श्रेय देतायत!

त्यात हे क्लार्क्सडेल आहे, हे आणखी मजेशीर. कारण त्या गावाची दंतकथा बरोबर उलटी आहे. तिथे देव नाही, सैतान देतो. रॉबर्ट जॉन्सन नावाचा जुना ब्लूजवाला मध्यरात्री चौरस्त्यावर गेला, सैतानाने त्याची गिटार लावून दिली, बदल्यात आत्मा घेतला. हायवे 61 आणि 49 जिथे मिळतात तिथे गावाने गिटारांची खूणही उभारलीय. दाजींनी माझा फोटो काढला तिथे, डोळे मिटलेला.

आता खरं काय? सन हाउससारखे जुने लोक सांगायचे की सुरुवातीला रॉबर्टची गिटार ऐकवत नसे. मग तो काही काळ गायब झाला आणि परत आला तो आग होऊन. मधल्या काळात कुठे होता? हेझलहर्स्टच्या बाजूला, आइक झिमरमन नावाच्या माणसाकडे शिकत होता. रात्री दोघं स्मशानात जाऊन बसायचे, थडग्यांवर, वाजवायला. भुतांसाठी नाही हो. तिथे कोणाची झोपमोड होत नाही म्हणून! त्यातून 29 गाणी रेकॉर्ड झाली, 1936 आणि 37 मध्ये, आणि 27 व्या वर्षी माणूस गेला. सैतान सगळ्यांना पाठ आहे. झिमरमन कितीजणांना माहीत आहे, हात वर करा.

माझं भांडण हे आहे. ‘दैवी देणगी’ म्हटलं की शिकवणाऱ्याचं नाव आपोआप पुसलं जातं. फुकटात. स्वयंभू फक्त पिंडी असते, माणूस नसतो. एकलव्यसुद्धा आपल्याला आवडतो तो बिनगुरूचा म्हणून, आणि त्याची फी किती पडली ते आपण पोरांना गोष्ट सांगताना भरभर उरकतो.

किंगफिश त्याच म्युझियमच्या वर्गात शिकला. शाळा सुटल्यावरचा वर्ग, गावातल्या मुलांसाठी. बिल ‘हाउल-एन-मॅड’ पेरी आणि रिचर्ड ‘डॅडी रिच’ क्रिसमन, ही त्याच्या शिक्षकांची नावं. ‘किंगफिश’ हे टोपणनावही पेरी सरांनीच ठेवलेलं. आधी ड्रम्स, मग बास, मग गिटार. म्हणजे हातात सोलो यायच्या आधी त्याने ताल सांभाळला, दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला, पाचव्या बारला वेळेवर पोचला. ती क्लिप परत बघा आता. एवढा वेळ एक सूर धरून ठेवायची हिंमत कुठून येते? खाली बार कुठे चाललाय हे झोपेतही कळत असेल तरच येते.

बरं, उपजत काहीतरी असतं. असतं, मान्य. चर्चमध्ये गाणारं घर, आईकडून कंट्री गायक चार्ली प्राइड नात्यात, कान तयार होऊनच आलेला. त्याच वर्गात बाकीची मुलंही होती आणि किंगफिश एकच झाला, हेही मान्य. आणि तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो, त्याचं स्वतःचं गाणं आहे ‘बीन हिअर बिफोर’, त्यात आजी नातवाला म्हणते की तू या जगात आधी येऊन गेलायस. म्हणजे पूर्वजन्म! दुसऱ्या एका गाण्याचं नावच ‘समथिंग इन द डर्ट’, मातीत काहीतरी आहे. म्हणू दे. त्याने म्हणावं, त्याच्या आजीने म्हणावं. कष्ट त्याचे आहेत, तो ते देवाला देईल नाहीतर मातीला देईल. तुम्ही कोण परस्पर देणारे?

बघा, चिडलो परत.

त्या दाराच्या फटीपाशी मी उभा राहिलो तो राहिलोच. दाजी पाय ओढत आले, घड्याळ बघितलं, आत बघितलं. मला वाटलं, म्हणतील चला. ते म्हणाले, ‘चौथ्यांदा चुकला का हा?’ आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ‘अगेन.’ पाच. ‘अगेन.’ सहा. पोराच्या कपाळावर घाम, जिभेचं टोक दातांत. सातव्याला दाजी बोटावर मोजायला लागले. बार नव्हे, चुका. पण गंमत अशी की चुका मोजायच्या तर बार मोजावे लागतात, आणि वरातीपुरत्या गाण्याच्या या माणसाला दहा मिनिटांत पाचवा बार कुठे येतो ते कळायला लागलं. नवव्याला तर पोराच्या आधी त्यांचीच मान हलली.

नाही, तो मुलगा किंगफिश नव्हता. ही गोष्ट सांगितली की दर वेळी कोणीतरी डोळे मोठे करून विचारतं. नव्हता. तो काटकुळा होता, आणि 2013 पर्यंत किंगफिश गावातल्या ठिकाणी रात्री मोठ्यांच्या बरोबर वाजवत होता. 2014 मध्ये म्युझियमच्या मुलांचा बँड व्हाइट हाउसला जाऊन मिशेल ओबामांसमोर वाजवून आला, त्यात तो होता. मग इंटरनेटवर व्हिडिओ फिरायला लागले. मग बडी गायने हात धरला. हा बडी गाय, जो स्वतः 1957 मध्ये लुइझियानातून शिकागोला आला आणि मडी वॉटर्सच्या पिढीने ज्याला आपलं म्हटलं. 2019 मध्ये अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सने पहिला अल्बम काढला, नाव नुसतं ‘किंगफिश’, आणि बडी गाय त्यात एका गाण्यात स्वतः येऊन वाजवून, गाऊन गेला. पुढच्या वर्षी ब्लूज म्युझिक अवॉर्ड्समध्ये पाचच्या पाच.

आणि त्या दोन्हींच्या मध्ये, डिसेंबर 2019 मध्ये, त्याची आई गेली. पोराला गाडीत घालून कार्यक्रमांना नेणारी, हिशेब बघणारी, मागे उभी राहणारी बाई. पहिला अल्बम तिने बघितला. दुसरा, ‘662’, त्यांच्या भागाचा फोन कोड, तो 2021 चा. त्याला 2022 मध्ये ग्रॅमी मिळालं, ते तिने बघितलं नाही. तिच्यासाठी केलेलं एक गाणं आहे त्याचं. मी ते एकट्याने ऐकतो. जास्त लिहीत नाही.

म्हणून ती तिसरी प्रतिक्रिया मला जास्त लागली. पोटावरची. तेविसाव्या वर्षी ग्रॅमी घेतलेल्या पोराला बघून तुला हे दिसलं? गिटार लपते म्हणे मागे. अरे बाबा, कान उघडे ठेव, गिटार बरोबर सापडेल.

जाऊ दे. तोही वाईट माणूस नाही. माझ्या वडिलांच्या वेळी हॉस्पिटलात रात्रभर बसला होता.

आणखी एक राहिलं. ‘ब्लूजचा तारणहार’ असं जे लिहितात ना पेपरवाले, त्याचाही मला वैताग आहे. ब्लूज काय विहिरीत पडलाय? तो वर्ग चालू आहे, तोवर पाचवा बार कोणीतरी शिकतंय. एकाच पोराच्या खांद्यावर अख्खं गाणं कशाला ठेवता? त्याला हवं ते वाजवू द्या, रॅप आवडतं, रॅप करू दे. अर्थात त्याने उद्या ब्लूज सोडून भलतंच काही केलं तर पहिली तक्रार मीच करणार आहे इथे, तेव्हा हा स्क्रीनशॉट काढू नका.

तर त्या दिवशी अकरा झाल्या. अकराव्या ‘अगेन’ला म्युझियमची बाई किल्ल्या वाजवत आली, पाच वाजले, बंद करतोय. आम्हाला बाहेर काढलं. दार बंद झालं, आतून बारावा प्रयत्न सुरू झालेला ऐकू आला. एक, दोन, तीन, आम्ही पायऱ्या उतरत होतो, आणि रस्त्यावरून एक ट्रक गेला. पुढचं काही ऐकू आलं नाही. परतीच्या वाटेवर दाजी स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. चार बार, मग थोडं थांबून पाचवा. ताईने फोनवर विचारलं कसं होतं गाव, तर म्हणाले, ‘गावात काही नाही. पण तो पोरगा जवळ आला होता.’

आज संध्याकाळी मी तीच क्लिप दाजींना पाठवली. काही न लिहिता. ते आता निवृत्त आहेत, फोन दिवसातून दोनदा बघतात. आत्ता, हे टाइप करत असताना, उत्तर आलं.

‘छान आहे. हा तो नाही ना? तो पोचला असेल का रे पाचव्याला?’